चौथी मावशी

आमच्या बस डेपोत सुट्टी मागायची रीत निराळी. अर्ज-बिर्ज काही नाही. सकाळी ड्यूटीच्या फळ्यापुढे सगळे ड्रायव्हर जमले की उभं राहायचं आणि मोठ्याने कारण सांगायचं. ज्याला पटेल त्याने "मान्य" म्हणायचं आणि तुमची फेरी उचलायची. कुणीच उचलली नाही, तर मुकाट्याने गाडी काढायची.

मला लिंगाचा कॅन्सर झाला होता. हो, तिथेच. तुम्ही माना खाली घालू नका, मी घालत नाही. लवकर सापडला म्हणून टोकाचा भाग काढून बाकीचं वाचवलं. संसार चालू आहे, हवं तर बायकोला विचारा. पण जपून, तिची जीभ माझ्याहून तिखट. फक्त दर तीन महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही. परत आला तर जुन्या जागी येतो नाहीतर जांघेत गाठ होऊन, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

फळ्यापुढे मात्र माझी दातखीळ बसायची. म्हणून दर तपासणीला मी एक मावशी मारली. तीन झाल्या.

मग एके दिवशी अंघोळ करताना जांघेत वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "उद्याच जा. आणि मावश्या पुरे. सासूबाईंना बहीण नव्हतीच मुळी!"

तरी सकाळी तोंडातून निघालंच, "मावशी गेली."

"चौथी?" पैलवान खदखदला. हा आमच्यातला सगळ्यात आडदांड गडी. "अरे, तुझ्या आजोबांनी दुसरं काही काम केलं की नाही?"

सगळा डेपो हसला. कंट्रोलर म्हणाला, "नाटकं पुरे. गाडी काढ."

किल्ली घेतली, दारापर्यंत गेलो आणि डोकंच फिरलं. गाठ माझी, जीव माझा, आणि मी लाजायचं कुणाला? या टोणग्यांना?

वळलो. "मावशीबिवशी कुणी नाही! मला लिंगाचा कॅन्सर झाला होता. कापलंय. आता जांघेत गाठ आलीय, ती दाखवायची आहे. हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या, आणि मग माझी फेरी कोण नेतो ते सांगा!"

कोपऱ्यातून एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "मान्य." कंट्रोलरने मान खाली घालून किल्ली परत घेतली.

गाठ सुईने तपासली. निकाल येईपर्यंत मी भ्यायलो, चांगलाच भ्यायलो. नुसती सूज निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुटलो असं समजू नका. तीन महिन्यांनी यायचंय."

"येणारच," म्हटलं. "खुर्ची पुसून ठेवा."

दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे निकालही मोठ्याने सांगितला. एवढं ऐकलंत, तर हेही ऐका! टाळ्या पडल्या. त्या थांबल्या तरी पैलवान उभाच.

"मला सुट्टी हवी."

"कारण?" कंट्रोलरने विचारलं.

एवढा मोठा गडी, पण घामाने डबडबला. "मलाही तिथे... फोड आहे. किती दिवस झाले, भरतच नाही."

त्याची फेरी घाटातली, सगळ्यात लांबची, कुणालाच नको असलेली. बाकीचे तोंड उघडायच्या आत मी ओरडलो, "मान्य!"