घड्याळजींचा खोटा किडा

मी एक खोटा किडा. माशांना फसवायला माणसाने बांधलेला. अंगाने बोटाच्या पेराएवढा, पोटात बारीक गळ, डोक्याशी शिशाचा मणी, अंगभर लाल दोरा आणि शेपटीला जुन्या उशीतून उपसलेलं पांढरं पीस. मला बांधणारे घड्याळजी या क्षणी माझ्यासमोर बसले आहेत. त्यांच्या हातात ब्लेड आहे. पण ते नंतर सांगतो.

चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. मग उजवा हात थरथरू लागला. चिमट्यातले स्क्रू उडायला लागले. एक दिवस गिऱ्हाइकाच्या घड्याळातली केसासारखी स्प्रिंग त्यांच्या हातून तुटली, आणि त्यांनी दुकानाचं शटर ओढलं ते ओढलंच. दिवसभर खिडकीशी बसायचे. कुणी आलं की हात मांडीखाली दाबून ठेवायचे.

त्यांची बायको घरी शिवणकाम करते. एका सकाळी तिने गळ, मणी आणि लाल दोऱ्याचं रीळ त्यांच्यापुढे ठेवलं.

“पूर्वी रविवारी तळ्यावर जायचात ना? बांधा एखादा किडा.”

“या हातांनी?”

“मग काय माझ्या? मला सहा शर्टांच्या कॉलर लावायच्यात.”

मला बांधायला तीन दिवस लागले. दोरा सुटायचा, पीस उडायचं, ते चिडायचे. ती मशीनवरून मान वर करायची नाही, पण पाय मात्र थांबवायची. मला ते कळायचं.

शेवटी त्यांनी मला पाण्याच्या बादलीत सोडलं. मी आडवा झालो आणि तसाच तळाला गेलो.

“हा तर आजारी दिसतोय,” ते म्हणाले.

“बरंच की. आजारी किडा पकडायला माशांना सोपा.”

ते हसले. जन्मल्यापासून मी त्यांचं हसणं पहिल्यांदाच ऐकलं. मग कानशीने त्यांनी मणी एका बाजूने थोडा घासला. पुन्हा बादली, पुन्हा कानस. चौथ्या खेपेला मी सरळ उतरलो, डोकं किंचित खाली करून.

रविवारी दोघं तळ्यावर गेली. घड्याळजींनी कोपर बरगडीशी घट्ट दाबून काठी धरली. हात हलता कामा नये! मी पाण्यात ओल्या चिंधीसारखा लोंबत राहिलो. तळहाताएवढे चपटे मासे यायचे, बघायचे, निघून जायचे. एकाने तर नाक लावून पाहिलं आणि पाठ फिरवली. मला फार शरम वाटली.

तासाभराने ते थकले. “चल, जाऊ या,” म्हणाले आणि कोपर सैल सोडलं.

ती थरथर काठीतून, दोऱ्यातून माझ्यापर्यंत उतरली. माझं पीस उघडायला-मिटायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मला जीव आल्यासारखं झालं. पाठ फिरवलेला मासा गर्रकन वळला आणि त्याने मला गपकन तोंडात घेतलं.

“अहो, काठी! काठी ओढा!”

मासा किनाऱ्यावर आला, पण घड्याळजी त्याच्याकडे बघतच नव्हते. ते हाताकडे बघत होते.

“मी थांबवला नव्हता गं हात.”

“मग नका थांबवू,” ती म्हणाली.

त्यानंतर किती रविवार गेले! त्यांनी आणखी बरेच किडे बांधले, माझ्याहून देखणे. पण माझ्यासारखं हलायला कुणालाच जमलं नाही. पहिल्या खेपेला वेढे कसे पडले, हे त्यांनाच आठवत नाही.

शेजारी एक निवृत्त बस ड्रायव्हर राहतात. त्यांचाही हात आता थरथरतो, आणि त्यांनी बाहेर पडणं सोडलंय. काल ते दारात उभे राहून हळूच म्हणाले, “मलाही अस्साच एक बांधून द्याल?”

म्हणून हे ब्लेड.

“पहिलाच आहे हो तो. राहू द्या की,” बायको म्हणतेय.

“उसवल्याशिवाय वेढे कळायचे नाहीत.” ब्लेड त्यांनी दोनदा उचललं, दोनदा खाली ठेवलं.

घड्याळजी, माझ्या पिसाचे आता चार तंतू उरलेत. माशांच्या दातांनी दोराही विरलाय. फार दिवस मी तसाही टिकणार नाही. पण मणी खणखणीत आहे, तो ड्रायव्हरांच्या किड्याला लावा. आणि हात आवरू नका. गाठ शेपटीकडे आहे, पिसाच्या बुडाशी. तिथून सुरुवात करा.