वाकड्या ओळींची गोधडी

मी गोधडी. वाकड्या ओळींची. आणि त्याची मला तसूभरही लाज नाही! ज्यांना सरळ ओळी हव्यात त्यांनी खुशाल दुकानात जावं. मी धामणगाव बढ्यातल्या एका अंगणात, बाजेवर ऊन खात पडलेली आहे, आणि आज मला बोलायचंच आहे.

झुंबरबाईच्या दोन जुन्या लुगड्यांतून माझा जन्म झाला. पोटात तिच्या नातीचे, मयुरीचे, लहानपणचे फ्रॉक. तीच मयुरी आता बाळंतपणाला माहेरी यायची होती. तिच्या बाळासाठी मी.

झुंबरबाईला काचबिंदू. आता उजेड आणि अंधार, एवढंच तिला कळतं. नजर गेली तसं घरानं एकेक काम तिच्या हातून काढून घेतलं. आधी विळी, मग चूल, मग तांदूळ निवडणं. "माय, तू आता बसून राह्य," मुलगा गणेश म्हणायचा. मायेनंच म्हणायचा हो, पण कामाच्या बाईला नुसतं बसवून ठेवणं ही कसली माया? मला तर संताप येतो.

सुई मात्र तिनं सोडली नाही. गणेशला म्हणाली, "मोताळ्याच्या बाजारातून जाड दोरा आन. बारीक दोरा डोळ्याले दिसते, जाड दोरा बोटाले दिसते." गणेशनं सुती दोऱ्याच्या लड्या आणल्या, वातीएवढ्या जाड. एक पिवळी, बाकी साऱ्या लालभडक.

सून जयमाला सकाळी शेतात जायच्या आधी वीस सुयांत दोरा ओवून चिंध्यांच्या उशीत टोचून ठेवायची. वीस सुया संपल्या की त्या दिवसाचं काम संपलं. झुंबरबाई टाका घालायची, त्यावर अंगठा फिरवायची आणि अंगठा सांगेल तिथे पुढचा टाका घालायची. म्हणून माझ्या ओळी अशा. अंगठा जरा डावीकडे गेला की ओळही त्याच्यामागे गेली.

आणि गाठ? एकही नाही. शोधा! "गाठ लेकराच्या पाठीले टोचते," असं तिचं म्हणणं. दोरा संपत आला की ती सुई मागे फिरवायची, कापडाच्या आतून चार टाके मागे न्यायची आणि तिथेच दोरा जिरवून टाकायची.

मी पुरी झाले त्याच आठवड्यात बुलढाण्याहून अनुपमा मॅडम आल्या. गावोगावच्या गोधड्या प्रदर्शनासाठी निवडत होत्या. झुंबरबाई तेव्हा शेजारी भिमाबाईकडे गेलेली. मॅडमनी मला उलटून पालटून पाहिलं.

"दोरा फार सुंदर आहे हो. पण ओळी किती वाकड्या! हे टाके काढा, मशीनवर सरळ मारून घ्या आणि मग त्यावरून हा दोरा घाला. मी गुरुवारी येते."

जयमाला वाईट नाही, सांगून ठेवते. सासूचं नाव बुलढाण्यात लागेल, लोक वाचतील, एवढंच तिच्या मनात. मॅडमची पाठ वळताच ती कात्री घेऊन बसली. पण दोऱ्याचं टोक सापडेल तर शपथ! मीही अंग घट्ट आवळून धरलं. एकेक टाका कापत एक ओळ उसवता उसवता तिची दुपार गेली.

तेवढ्यात झुंबरबाई भिंत चाचपत घरात आली. रोजच्यासारखा माझ्यावरून हात फिरवला. हात थांबला, मागे गेला, पुन्हा तिथेच आला.

"कोनं उसवलं वं?"

जयमालानं कात्री खाली ठेवली. "मी, आत्याबाई. मॅडम म्हने, ओळी वाकड्या हायेत. तुमचं नाव लागलं असतं..."

"माह्या ओळी उसवून माह्या नावाले काय चाटू? विळी नेली, चूल नेली, मी काही म्हनलं? आता हेबी नेता? मंग मी या घरात काऊन हावो, सांग ना!"

मी तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. जयमाला रडायला लागली. झुंबरबाईनं तिला रडू दिलं, मग म्हणाली, "सुईत दोरा ओव."

"लाल संपला, आत्याबाई. पिवळाच हाय."

"मंग पिवळा ओव. दिसू दे साऱ्या गावाले. आता डोळे मिट अन् तूच शीव."

जयमालानं डोळे मिटले. पहिल्याच टाक्याला सुई बोटात घुसली. "आई गं!"

"अंगठा फिरव," सासू म्हणाली आणि तिचा अंगठा धरून टाक्यावर ठेवला.

एक ओळ शिवायला अख्खी संध्याकाळ लागली. माझ्या लाल अंगावर ती एकच पिवळी ओळ आहे आणि साऱ्यांत वाकडी तीच आहे. मला तीच सगळ्यांत आवडते.

गुरुवारी मॅडम आल्या. मला पाहून म्हणाल्या, "अहो, ही तर तशीच आहे!"

"तशीच राह्यते," जयमाला म्हणाली. "आत्याबाईनं बोटानं पाहून शिवली. न्यायची तं अशीच न्या."

मॅडमनी नेली नाही. न का नेईनात! मयुरीची लेक आता माझ्यावर पालथी पडते आणि तो जाड दोरा मुठीत धरून ओढते. ओढ म्हणावं, निघत नाही.

तुम्ही कधी या घरी आलात तर माझ्यावर बसा, लेकरू निजवा, चहा सांडला तरी चालेल. फक्त माझ्या ओळी सरळ करायला येऊ नका. इथे आता कुणी ऐकून घेणार नाही. आज सकाळीच अंगणात नवी गोधडी अंथरली, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. जयमालानं उशीत सुया टोचल्या तेव्हा मी मोजल्या. एकवीस होत्या. वीस झुंबरबाईच्या आणि एक तिची स्वतःची.