कावळ्यासमोर नाव

'भरणी टाकण्यास सक्त मनाई' असा पत्र्याचा बोर्ड करावे गावच्या खाडीवर होता. तो डंपरनी ओतलेल्या मातीच्या भरणीखालीच गाडला गेला.

खाडीच्या चिखलातली निवटी मासळी धरायची तर बिळाच्या एका तोंडात पाय खुपसायचा आणि दुसऱ्या तोंडाशी हात धरायचा.

फादर अंतोन नवा आला तेव्हा 'पाणी' म्हणायचा. बाया हसायच्या. वर्षभरात 'पानी' म्हणायला लागला.

पिंडाचा भात मऊ लागतो.

तर ही फादरच्या दहाव्याची गोष्ट. फादर ख्रिस्ती मिशनरी. चर्चवाल्यांनी त्याला रीतसर माती दिली होती, तरी गावच्या बाया ऐकेनात. तीस वर्षं आमच्या चुलीचा भात खाल्ला, मूल ना बाळ, मग पिंड कोण देणार? म्हाताऱ्या बाळाबाईने तर निकालच लावला, की देव त्याचा येगला असंल, कावला आपलाच हाय.

मासळीवाल्या गोजराला दहाव्याशी घेणंदेणं नव्हतं. देवाशीही उरलं नव्हतं. फादरने शिकवलेली प्रार्थना आता तिच्या तोंडात पेंढ्यासारखी व्हायची. तिला फक्त फादरला मारणारा माणूस हवा होता. भर दुपारी, बायांची खाडीत उतरायची वाट बुजवायला डंपर आला, त्याच्या मागे फादर आडवा उभा राहिला, आणि डंपर तरीही मागे आला. गोजरा मासळी टाकून धावली तोवर गाडी पसार झाली होती. डंपर भरणीवाल्या सुधीरचा, हे शेंबडं पोरही जाणत होतं. चालवत कोण होता, ते कोणी सांगेना. सुधीर म्हणे मी द्रोणागिरीला गोदामावर होतो, चावी ड्रायव्हरकडे, ड्रायव्हर मुलखाला पळाला. पोलिसांनी 'अज्ञात' लिहिलं आणि चहा प्यायले.

आज तोच सुधीर पांढऱ्या लेंग्यात सगळ्यांच्या पुढे. मांडव त्याचा, खुर्च्या त्याच्या. श्रद्धांजलीच्या बॅनरवर फादरचा फोटो वाटीएवढा, सुधीरचा परातीएवढा.

पिंड ठेवला. कावळे कांदळाच्या फांद्यांवर बसले ते बसलेच. ऊन चढलं. कोणी कबूल केलं, तुमचा पोरांचा वर्ग चालू ठेवू. कोणी म्हणालं, तुमची मांजर सांभाळू. कावळा हलेना. ख्रिस्तावाचा भात हाय, विंग्रजीत बोलवा, असं मागून कोणी म्हटलं आणि मांडवात खसखस पिकली.

मग सुधीर हात जोडून पुढे झाला. "फादर, तुमचं राहिलेलं काम मी करीन. टेन्शन घेऊ नका."

एक कावळा खालच्या फांदीवर उतरला.

गोजरा ताडकन उठली. याच्या शब्दावर कावळा शिवला तर संपलंच. गाव म्हणणार, फादरने याला पदरात घेतलं. हा धुतल्या तांदळासारखा घरी जाणार.

तिने हारांची टोपली रिकामी केली आणि पिंडावर उपडी घातली.

"काकी, येड लागलं का?" सुधीर म्हणाला.

"असा नाय शिवायचा," गोजरा म्हणाली. "फादरच्या धर्मात आधी बोलायचं, आपुन काय केलं ते. मंग माफी."

"मी काय केलंय?"

"मरताना त्यानं नाव घेतलंय. माज्या मांडीवर डोकं व्हतं. मी सांगू, का तू सांगतंस?"

सुधीरने हसून मांडवाकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. कावळा ओरडला. सुधीरची नजर फांदीवर गेली ती तिथेच अडकली. बाळाबाई शांतपणे म्हणाली, की मेलेल्याशी खोटं बोललेला बाप्या त्याच्याच वाटेनं जातो.

"आरशात दिसला नाय तो," सुधीर पुटपुटला. "मी हॉर्न दिलता."

त्यातला 'मी' सगळ्या गावाने ऐकला. गोजराच्या सुनेच्या, श्रुतीच्या, मोबाईलवर शूटिंग चालूच होतं.

गोजराने टोपली उचलली. कावळा आला, शिवला, भात घेऊन गेला. बायांनी हात जोडले. गोजराने नाही जोडले. पण प्रार्थना आपोआप ओठांवर आली, आणि पलीकडे कोणीतरी कान देऊन बसलंय असं तिला दहा दिवसांत पहिल्यांदा वाटलं. क्षमेच्या ओळीपाशी तिने दात आवळले. तेवढं ज्याचं त्याने बघावं.

श्रुतीला घेऊन ती चौकीवर गेली. परतताना बॅनर उतरवला, वाटीएवढा फादर कातरून घेतला, आणि उरलेला अंगणात मासळी वाळवायला अंथरला, सुधीरचं तोंड वर करून.

रिक्षातून दवाखान्यात नेताना गोजराने फादरला दोनदा विचारलं होतं, कोण होता. दोन्ही वेळा फादर गप्प राहिला.