ताशी वीसचा ठराव

आमच्या सोसायटीच्या स्टँडवर सायकलींसाठी जागा बारा आणि सायकली एकोणीस. जेसल पार्कातल्या दुसऱ्या कुठल्याही सोसायटीत हा प्रश्न चिठ्ठ्या टाकून सुटला असता. आमचे चेअरमन स्वतः सायकलपटू असल्यामुळे तो शास्त्रीय पद्धतीने सोडवायचं ठरलं. कमिटीने ठराव केला की जागा फक्त सक्रिय सायकलस्वारांना मिळेल. सक्रिय कोण? रविवारच्या राइडला भाईंदर पश्चिमेहून उत्तनपर्यंत जो ताशी वीस किलोमीटरच्या सरासरीने जाईल, तो. बाकीच्यांनी महिनाअखेर सायकल हलवावी, नाहीतर भंगारवाला हलवेल. ठरावाची भाषा माझी. मी सेक्रेटरी आहे आणि माझी सरासरी एकवीस आहे.

सात जण नापास झाले. सहा जणांनी निकाल मुकाट्याने ऐकून घेतला. सातव्या होत्या बी विंग, चौथा मजला, मृणालिनी पेडणेकर. त्या हाटकेशला प्लास्टिकच्या झाकणांच्या एका युनिटमध्ये माल तपासतात आणि अकरा वर्षं रोज सायकलनेच जातात. सायकल लेडीज, पुढे बास्केट, मागे कॅरियर, चेनवर पत्र्याचं कव्हर. त्यांची सरासरी आली सोळा पूर्णांक चार.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला स्टँडपाशीच गाठलं.

"गुणवंतराव, मी आठवड्यातून सहा दिवस सायकल चालवते. हितेशभाई एक दिवस चालवतात. यात सक्रिय कोण?"

"ताई, ते ॲप ठरवतं," मी म्हणालो.

"ॲपला हाटकेशला पाठवा मग एक दिवस."

तेवढ्यात चेअरमन हितेशभाई शहा स्वतःच आले. त्यांची सायकल कार्बनची आहे. ती ते दोन बोटांनी उचलून दाखवतात. कुणी विचारलं नसेल तरी. मात्र तिचं कुणी फार कौतुक केलं, तर त्यांना राग येतो. माझा ताशी चोवीसचा वेग सायकलचा म्हणता? सकाळी पाचला उठतं कोण?

"ताई, बुरा मत मानना," ते म्हणाले, "पण सायकलला दोष देऊ नका. सायकल से कुछ नहीं होता. पाय पाहिजे, पाय!"

"नक्की?"

"हंड्रेड परसेंट."

"मग उद्या अदलाबदल करूया. तुम्ही माझी घ्या, मी तुमची."

हितेशभाई हसले. मग आजूबाजूला पाहिलं. आमच्या ग्रुपचे सहा-सात जण टायरमध्ये हवा भरायला जमले होते आणि सगळ्यांचे पंप थांबले होते. रीमा, म्हणजे आमच्या ग्रुपचं ॲप सांभाळणारी मुलगी, ओरडली, "हितेशभाई, हाँ बोलो ना! डर गये क्या?"

यानंतर माणूस नाही म्हणू शकत नाही. निदान चेअरमन तरी नाही.

रविवारी सकाळी कार्बनच्या सायकलला साधी पेडल बसवली, कारण तिच्या मूळच्या पेडलना खास बूट लागतात. सीट खाली केली. हितेशभाईंनी ताईंची सायकल पायरीवरून उतरवायला उचलली, लगेच खाली ठेवली आणि बास्केटमध्ये काही राहिलंय का ते वाकून पाहिलं. काही नव्हतं.

निघालो. मुर्ध्यापर्यंत हितेशभाई पुढे होते. राईला ताई त्यांच्या बरोबरीला आल्या, वळून बघितलंही नाही आणि पुढे निघून गेल्या. सलवार-कमीज, पायात रोजच्याच सॅंडल. मोर्व्याला रस्त्याकडेला सुकी मासळी घेऊन शेवंतीमावशी बसतात, त्या आम्हाला दर रविवारी बघतात. हितेशभाई समोरून गेले तेव्हा त्यांनी मला हाक मारून विचारलं, "दर रविवारी तं भुर्र जातो हा भाऊ. आज बरं न्हाय काय त्याला?"

डोंगरीच्या चढावर हितेशभाई उतरले नाहीत, एवढं मी साक्षीदार म्हणून सांगू शकतो. पण एक कुत्रा काही अंतर त्यांच्या बाजूने चालत गेला.

उत्तनला चहाच्या टपरीसमोर रीमाने फोन काढला.

"मृणालिनीताई, वीस पूर्णांक तीन."

टाळ्या.

"हितेशभाई..." तिने फोन जरा डोळ्यांजवळ नेला. "अठरा पूर्णांक नऊ."

टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कुणालाच कळेना.

"वारा समोरून होता," हितेशभाई म्हणाले. वारा ताईंनाही समोरूनच होता, पण बहुधा वाऱ्याची आणि त्यांची ओळख नसावी. "आणि ती सीट! ब्रेक पण घासत होता."

"अकरा वर्षं घासतोय," ताई म्हणाल्या. "आता मला एवढंच सांगा. सायकलने फरक पडतो की नाही?"

हितेशभाईंनी चहाचा घोट घेतला. त्यांची अडचण मला दिसत होती. फरक पडत नाही म्हणावं, तर आमच्याच व्याख्येने ते आज निष्क्रिय. पडतो म्हणावं, तर पाच वर्षांच्या चोवीसमधले किती त्यांचे आणि किती दुकानदाराचे?

"थोडा पडतो," ते अगदी हळू म्हणाले.

"मोठ्याने बोला, गुणवंतरावांना लिहायचंय."

"पडतो, पडतो! अरे बाबा, पडतो! ठीक आहे ताई, तुमच्यासाठी सूट. लेडीज सायकल, स्पेशल केस. तुमची जागा पक्की."

मला वाटलं, संपलं. मी असतो तर थँक यू म्हणून वर एक समोसा मागवला असता.

"सूट नको," ताई म्हणाल्या. "मी काय रडत आले होते तुमच्याकडे? माझे पाय चांगले आहेत, तुम्ही आत्ताच मागून बघितलेत. तुमचा ठराव माणूस मोजत नाही, सायकल मोजतो. तो रद्द करा. चिठ्ठ्या निघेपर्यंत सातही जणांच्या सायकली स्टँडवरच राहतील. आणि चिठ्ठ्या काढा एकोणीसच्या एकोणीस. त्यात तुमचीही."

"माझी? ती रस्त्यावर ठेवू मी?"

"माझी ठेवायला सांगत होतातच की."

रीमा एकदम चहाच्या ग्लासात बघायला लागली. हितेशभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टपरीवाल्याकडून पेन मागितलं, बिस्किटाच्या पुड्याचा कागद उलटा केला आणि लिहिलं : 'वीसचा ठराव रद्द. जागा चिठ्ठ्या टाकून.' खाली सही केली आणि कागद पुढे सरकवला. त्यांनी तो दोनदा वाचला. इतका छोटा मजकूर दोनदा वाचून केलेली सही मी आजवर पाहिली नव्हती, पण केली त्यांनी.

"झालं समाधान?" ते म्हणाले.

"अर्धं झालं. बाकीच्या सहा जणांना तुम्ही दारोदार जाऊन भंगाराचं सांगून आलात. आता ठराव रद्द झाल्याचंही दारात जाऊनच सांगा. ग्रुपवर मेसेज नको."

"सांगतो ना. संध्याकाळी."

"आजच दुपारच्या आत. मी चौकशी करणार आहे," ताई म्हणाल्या आणि आपली सायकल ताब्यात घेऊन, सीट हाताने पुसून, परतीच्या वाटेला लागल्या. कार्बनची सायकल टपरीला टेकून उभी होती. ती घ्यायला हितेशभाई बराच वेळ उठलेच नाहीत.