देवूचं नाक

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे. शेपटीने संगणकाला बांधलेला. पोटात रबरी गोळी, पाठीवर दोन बटणं, दाबली की टक वाजणारी. डोळे नाहीत. आयुष्यभर पोटावर सरपटलो, त्यामुळे पडद्यावर काय उमटलं ते मी कधीच पाहिलं नाही. मला ठाऊक आहेत ते हात.

माझा जन्म कुठे झाला ते आठवत नाही. आठवतं ते बोईसर स्टेशनजवळचं वामनचं दुकान. वामन आधी किनाऱ्यावर होड्यांवर नावं रंगवायचा. सत्त्याण्णव साली त्याने संगणक घेतला आणि मला ब्रशसारखा दोन बोटांत धरला.

"वामन, चावेल रे उंदीर!" लोक हसायचे.

मग हात बसला. लग्नपत्रिकांवरचे गणपती काढले, दुकानांच्या पाट्या काढल्या. वामनच्या हाताचं कौतुक झालं. माझं कोण करणार? असो.

शेवट आधीच सांगून टाकतो. गोळी हरवली, नवा माऊस आला, मी खणात पडलो. झालं. आता मधलं सांगतो.

टक.

एक दिवस नवापूरची जमना आली. सुकी मासळी विकायची ती. तिचा धाकटा, देवू, होडीवर गेला तो परतलाच नाही. देहही सापडला नाही. फोटो एकच होता, नारळी पौर्णिमेचा. सगळे खलाशी एकत्र, त्यात देवूचं तोंड तांदळाच्या दाण्याएवढं. थोरल्या रामाला वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला मोठं चित्र हवं होतं.

वामनने फोटो मोठा केला तर नुसते चौकोन झाले. म्हणजे चेहरा नव्यानेच रंगवायचा होता. आधी त्याने सगळ्या तोंडाचा नुसता करडा गोळा रंगवला. मग गालाखालची, हनुवटीखालची सावली. मग उन्हाने रापलेला रंग, पातळ, थरावर थर. मी सरकत होतो. कपाळ म्हणजे रुंद वळण, जबडा म्हणजे उतार. देवू मला असाच कळत गेला. डोळ्यांत मात्र वामनने उजेड ठेवला नव्हता. तो शेवटी ठेवायचा असतो.

जमना शेजारी बसून सांगायची.

"नाक असं नाय. माझ्या पोराचं हाय ते, बोंबलाचं नाय!"

वामन हसायचा. काढलेलं मागे घ्यायचा. पुन्हा काढायचा.

"असं नाय."

पुन्हा मागे.

"असं पन नाय."

जमना येत राहिली. नाक रुंद झालं, अरुंद झालं, वर गेलं. एकदा वामनने गुपचूप जुनीच दोन नाकं परत बसवून दाखवली, आधी पहिल्या दिवशीचं, मग दुसऱ्या दिवशीचं. दोन्हींना ती तेच म्हणाली. पण तिचा आवाज पडद्याकडे गेला नाही. खाली मान घातल्यासारखा माझ्याकडे आला.

माझ्यावरचा हात थांबला.

"मावशी," वामन हळूच म्हणाला, "नाक बरोबर हाय ना?"



"चित्र पुरं झालं का भिंतीवर जाईल. भिंतीवर गेला का हार घालतील. मग मी रोज ताट कुनाला वाढू?"

वामनने काय केलं सांगू? त्याने मला सरकवलं आणि चांगलं जमलेलं नाक बिघडवलं. मुद्दाम. ज्या हाताने कधी रेघ चुकवली नाही, तो हात चुकताना मला कळला. त्या दिवसापासून तो रोज थोडा चुकायचा आणि ती रोज म्हणायची, "असं नाय."

टक.

मग रामा आला. दारातूनच ओरडला.

"वामनदादा, आख्खी होडी रंगवायचास येवढ्यात! वर्ष भरत आलं. आये, तू बाजूला हो, मी सांगतो नाक कसं ते."

"तुला काय म्हायती?"

"माझा भाव हाय तो!" रामाचा आवाज फाटला. "रोज त्याचं ताट वाढतेस. मी समोर बसतो, आये. मी पन होतो त्या होडीवर. मी परत आलो. तू वरसभर माझ्याकडं एकदा बघितलं नायस."

 मग वामनने नाक नीट केलं. एका झटक्यात. ते त्याला केव्हापासून पाठ होतं.

"मावशी, डोळ्यांत एक एक पांढरा ठिपका राहिलाय. तो तुमी ठेवा."

मित्रांनो, मग तिचा हात माझ्यावर आला. खरखरीत, खारट, बोटांवर कोयत्याचे जुने व्रण.  वामनने जागेवर नेऊन दिलं. तिने बोट ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं.

टक.

टक.

तिच्या कपाळाचा घाम की आणखी काही, माझ्या पाठीवर पडलं. मग ती अगदी घरातल्यासारखं म्हणाली, "जेवलास काय रे?"

कोणाला विचारलं, मला कळलं नाही.

उत्तर रामाने दिलं. "नाय, आये."

मित्रांनो, मला पुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. माझं झालं. पण तुमच्या घरात कोणी असं 'नाही, नाही' म्हणत बसलं असेल, तर त्याला घाई करू नका. जवळ बसा. आणि तुम्ही उपाशी असाल, तर तेही सांगा.