आईचं एकच वाक्य

बत्तीस वर्षं लुडविना स्वित्झर्लंडमधल्या येनिश या फिरस्त्या लोकांच्या हक्कांसाठी भांडत होती आणि तिला स्वतःला येनिश बोली येत नव्हती. फिरस्त्यांची मुलं सुधारायला निघालेल्या एका संस्थेने तिला तिसऱ्या वर्षी आईच्या गाडीतून उचललं आणि एका शेतकऱ्याच्या घरी टाकलं. सुधारणा कसली, डोंबलाची! गोठे साफ करून घेतले.

आज गावाच्या सभेत मतदान होतं. खडीच्या खाणीशेजारी येनिशांच्या बारा कॅरव्हॅनना उन्हाळाभर थांबू द्यायचं की नाही? त्या खोऱ्यात दुसरी जागाच उरली नव्हती.

सकाळी तिने थोरल्या भावाची मनधरणी केली होती. तिला उचललं त्या दिवशी बाल्झ जंगलात पळाला म्हणून वाचला होता.

"दादा, एखादं वाक्य तरी शिकव. सभेत ते विचारणारच."

बाल्झने कात्रीला धार लावणं थांबवलं नाही. "आपली बोली पोलिसांसमोर एकमेकांना सावध करायला आहे, तमाशा दाखवायला नाही. तू भाषण ठोक. ते छान जमतं तुला."

हे तिला फार लागलं.

सभेत गावाध्यक्ष गोड हसला. "संस्कृती, संस्कृती म्हणता बाई, तर जरा तुमच्या भाषेत बोलून दाखवा की!"

 लुडविनाजवळ एकच वाक्य होतं. तिला नेलं तेव्हा आई ओरडली होती, ते. आजवर तिने ते कुणापुढे काढलं नव्हतं. तिने डोळे मिटले आणि म्हणून टाकलं.

मागच्या रांगेत बाल्झ ताडकन उभा राहिला. लोकांनी मात्र टाळ्या वाजवल्या.

"किती गोड वाटतं ऐकायला!" एक बाई म्हणाली. "अर्थ काय हो?"

"ते आलेत. पोरांना लपवा."

अध्यक्षाने घसा खाकरला आणि मतदान घेतलं. टाळ्या वाजवणारे बहुतेक हात विरोधात वर गेले.

बाहेर तिने बाल्झला गाठलं. "झालं समाधान? तमाशाही केला, जागाही गेली."

"अर्थ चुकलीस तू."

"एवढं एकच येतं मला, त्यातही खोट काढ!"

"आईच्या वाक्यातला शेवटचा शब्द, नुशा. म्हणजे पोरं नाही गं." त्याचा आवाज चिरकला. "ते तुझं नाव. लुडविना त्या लोकांनी ठेवलं."

 "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"मोठी होऊन आम्हाला शोधत परत आलीस तेव्हा हात पुढे करून म्हणालीस, मी लुडविना. मला वाटलं, आईने दिलेलं नाव तूच टाकलंस. त्याचाच राग धरून बसलो होतो."