तिरका बसणारा फ्रिसो

नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मी सायकलची सीट आहे. माझ्या नशिबी माणसाची जी बाजू आली, तिच्याबद्दलच मी बोलणार.

अॅमस्टरडॅमच्या जुन्या बाजारात फ्रिसोने मला घेतलं, तेव्हाच मी वापरलेली होते. सुरुवातीला त्याला टोचले, मग हळूहळू त्याच्या मापाची झाले. इथे सायकलचोर फार, म्हणून तो जाईल तिथे मला उपसून बरोबर नेतो. त्याचा मित्र रूर्ड गेला तेव्हा अंत्यविधीलाही मी त्याच्या मांडीवर होते. रूर्डला गुदद्वाराचा कॅन्सर झाला होता. कळायला उशीर झाला.

फ्रिसो आणि त्याचा जोडीदार टाईस, दोघांनाही एचआयव्ही आहे. रोज गोळ्या घेतात, ठणठणीत असतात. पण दवाखान्यातली नर्स हेन्नी दोघांच्या मागे लागलेली. "तुमच्यासारख्यांना तिथल्या कॅन्सरचा धोका जास्त. काही होत नसलं तरी तपासून घ्या." दोघंही मान डोलवत आणि कॉफी प्यायला निघून जात.

मग एका हिवाळ्यात फ्रिसो माझ्यावर तिरका बसू लागला. कुणाला कळायच्या आधी ते मला कळलं, आणि माझी झोप उडाली. त्याने मात्र सगळं खापर माझ्यावर फोडलं. मला खाली केलं, वर केलं, माझ्यावर मऊ गादी चढवली. शेवटी नवी सीट आणायची ठरली.

"सीट बदलून झाली की काय बदलशील? बूड?" टाईसने विचारलं.

"गप रे."

"रूर्डसुद्धा सीटलाच शिव्या घालायचा."

कॉफी तशीच गार झाली. दुसऱ्या दिवशी फ्रिसोने हेन्नीला फोन केला.

तपासणीच्या दिवशीही सवयीने त्याने मला उपसलं आणि थेट आत नेलं. डॉक्टर दे वाल बाई म्हणाल्या, "ती खुर्चीवर ठेवा ना."

"नको, असू दे."

गुडघे पोटाशी घेऊन तो कुशीवर झोपला आणि मला छातीशी घट्ट धरलं. त्याचं काळीज मी पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकलं. ते धाडधाड उडत होतं. मीही घाबरले होते, खोटं कशाला सांगू.

"व्हिनेगर लावतेय, बिघडलेल्या पेशी त्याने पांढऱ्या दिसतात. गार लागेल," बाई म्हणाल्या आणि भिंगातून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुखतंय ती साधी चीर आहे. मलम देते, भरून येईल."

फ्रिसोची पकड सैल झाली.

"पण पलीकडे एक पांढरा डाग दिसतोय. इथे दुखतं?"

"नाही. अजिबात नाही."

"तुकडा तपासायला घेते."

त्याची नखं माझ्या चामड्यात रुतली. ते वळ अजून आहेत.

"आणि आज सायकलवर बसायचं नाही," बाई म्हणाल्या.

"मग घरी कसा जाऊ?" पायच काढून घेतल्यासारखं त्याने विचारलं. शेवटी एका हाताने सायकल ढकलत, दुसऱ्या हातात मला धरून तो चालत निघाला.

पुढचे दिवस भीतीचे गेले. मग बाईंचा फोन आला. कॅन्सर नव्हता, पण तिथल्या पेशींनी ती वाट धरली होती. बाईंनी तो डाग जाळून टाकला. आता दर सहा महिन्यांनी तपासणी असते, आणि मी दरवेळी त्याच्या छातीशी असते.

परवा जेवताना फ्रिसोने मला टाईससमोर टेबलावर ठेवलं. "आता तू जा."

"मला कुठे काय दुखतंय?" टाईस हसला आणि उठून कॉफी करायला गेला.

खाली आमच्या सायकली शेजारी शेजारी उभ्या असतात. टाईसची सीट नवी, चकचकीत, जराशी गर्विष्ठ. आमचा टाईस बघ कसा सरळ बसतो, असं ती मला रोज ऐकवते. कुणीतरी त्याला समजावा हो. फ्रिसोचा तो डागही कुठे दुखत होता? मला त्या सरळ बसण्याचीच भीती वाटते.